नाकाच्या शस्त्रक्रियेची फाईल एका वर्षात का बंद होते?

नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया झाली की पुढच्या भेटी ठरलेल्या असतात. आठवड्याभरात वरची पट्टी निघते, टाके निघतात. मग एक महिना, तीन महिने, सहा महिने आणि शेवटची भेट वर्षानं. त्या दिवशी समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके आणि खालून असे फोटो काढतात, जुन्या फोटोंच्या शेजारी ठेवतात आणि फाईल बंद होते. आठ, बारा, वीस वर्षांनी तोच माणूस ‘शेंडा बधिर वाटतो, थंडीत ठणकतो, चष्मा टेकला की झिणझिणी जाते’ असं सांगत दवाखान्यात येतो, तेव्हा ती फाईल कुणाकडेच नसते. कान-नाक-घसा तज्ज्ञ प्लास्टिक सर्जनकडे पाठवतात. प्लास्टिक सर्जन म्हणतात, एवढ्या वर्षांनी आमच्या कामाशी याचा काय संबंध? न्यूरोलॉजिस्ट स्कॅन काढायला सांगतात, स्कॅन नॉर्मल येतो, आणि शेवटी कुणीतरी ‘फार विचार करू नका’ म्हणून मोकळं होतं.

ही टोलवाटोलवी कुणाच्या वाईट हेतूतून होत नाही, ती पद्धतीतच आहे. शस्त्रक्रियेचा हिशेब दिसण्यावर ठेवला जातो आणि दिसणं वर्षभरात स्थिरावतं. पण मज्जातंतू, कुर्चा (नाकातलं मऊ, लवचीक हाड) आणि आत बसवलेलं साहित्य यांचं घड्याळ वेगळं चालतं. म्हणून उशिरा येणाऱ्या तक्रारींची जबाबदारी रुग्णाच्या आठवणीवर सोडून चालणार नाही. शस्त्रक्रियेआधी नाकाची संवेदना तपासून नोंदवणं आणि आत नेमकं काय केलं याचा कागद रुग्णाच्या हाती देणं, या दोन गोष्टी संमतिपत्राइतक्याच सक्तीच्या व्हायला हव्यात.

वर्षाची मुदत आली कुठून, हे आधी पाहू. शेंड्यावरची त्वचा नाकाच्या मधल्या भागापेक्षा जाड असते, तिच्याखालची सूज उतरायला वर्ष लागतं. जाड कातडीच्या नाकात दीड ते दोन वर्षंही लागतात. व्रणाची ऊतीही मऊ व्हायला साधारण तेवढाच काळ घेते. त्याआधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया करू नये, असा सार्वत्रिक दंडक आहे आणि तो योग्यच आहे. म्हणजे एक वर्ष हा आकाराचा निकाल लावण्याचा सर्वांत लवकरचा मुहूर्त. व्यवहारात मात्र तोच शेवटचा मुहूर्त होऊन बसला.

आता मज्जातंतूंकडे वळू. नाकाची संवेदना पाचव्या कपालचेतेकडून, म्हणजे ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या मज्जातंतूकडून येते. शेंड्याकडे जाणारी बारीक शाखा नाकाच्या आतून वरून खाली येते, हाड संपून कुर्चा सुरू होते त्या सांध्यातून बाहेर पडते आणि कुर्चेवरून खाली शेंड्यापर्यंत उतरते. बाहेर पडण्याची तिची जागा मध्यरेषेपासून साधारण ६ ते ९ मिलिमीटरवर असते. नाकाच्या दांडीवरचा उंचवटा कमी करायचा असो की वर साहित्य बसवायचं असो, सर्जनला त्वचा उचलावी लागते ती नेमकी याच भागात. पातळी राखून, कुर्चेला आणि हाडाला अगदी घासून त्वचा सोडवली आणि बाजूला गरजेपेक्षा जास्त सरकलं नाही, तर शाखा वाचण्याची शक्यता वाढते. पातळी थोडी वर घसरली, आतला छेद खोल गेला किंवा वर ठेवलेला तुकडा रुंद निघाला, की ती ताणली, दबली किंवा तुटली जाते. शिवाय बाह्य पद्धतीच्या शस्त्रक्रियेत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छेद असतो, तिथले बारीक धागे तुटतातच.

सुरुवातीचा बधिरपणा म्हणून अपेक्षितच असतो आणि बहुतेकांत काही महिन्यांत, फार तर वर्षभरात ओसरतो. तुटलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. अंतर लहान असल्यानं नाकात तो पोचतोही लवकर. गोची असते ती तो योग्य जागी पोचला का, यात. व्रणात अडकलेलं टोक कधीकधी गाठीसारखं वाढतं. वैद्यकात याला न्यूरोमा म्हणतात. ही गाठ वर्षानुवर्षं गप्प बसू शकते आणि मग चष्म्याचा नवा जड फ्रेम, झोपेत लावायचा श्वासयंत्राचा मास्क किंवा एखादा किरकोळ मार एवढ्यानं बोलू लागते. एका ठरावीक बिंदूवर बोटानं टिचकी मारली की वीज चमकल्यासारखी कळ शेंड्याकडे जाते, ही तिची खूण.

उशिराच्या अस्वस्थतेचं दुसरं मोठं कारण म्हणजे सांगाडा. १८८७ मध्ये जॉन ऑर्लँडो रो यांनी आणि १८९८ मध्ये बर्लिनच्या जाक जोसेफ यांनी सौंदर्यासाठी नाक लहान करण्याच्या शस्त्रक्रिया मांडल्या. त्यानंतर जवळजवळ शतकभर या शास्त्राचा कल काढून टाकण्याकडे होता: उंचवटा कापा, शेंड्याची कुर्चा छाटा, हाडं आत ढकला. त्याची किंमत लगेच दिसत नाही. छपराचे वासे काढले तरी छप्पर त्याच रात्री कोसळत नाही, ते पावसाळ्यामागून पावसाळे खचत जातं. नाकातही व्रणाची ऊती हळूहळू आकसते, कमजोर झालेली कुर्चा आत झुकते आणि वयानुसार त्वचा पातळ होते. उंचवटा काढल्यावर मधला भाग आत पडू नये म्हणून नाकाच्या मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना कुर्चेच्या पट्ट्या बसवायच्या, हा उपाय जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडला आणि तो रुळायला पुढे बरीच वर्षं लागली. त्याआधी, किंवा तो न वापरता नाक लहान करून घेतलेली माणसं आज पन्नाशी-साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या तक्रारी आता येत आहेत, यात नवल ते काय!

या खचण्यात सर्वांत आधी मार खाते ती नाकाची आतली झडप. पडदा आणि वरची बाजूची कुर्चा यांच्यामधला हा कोन अनेक नाकांत जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो आणि श्वासाच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा तीच. इथे अर्धा मिलिमीटर आत-बाहेर झाला तरी श्वासाला फरक पडतो, कारण वाट थोडी अरुंद झाली तरी हवेला होणारा अडथळा कैकपटीनं वाढतो. गंमत म्हणजे, श्वास मोकळा वाटणं हे फक्त वाटेच्या रुंदीवर अवलंबून नसतं. आत शिरणाऱ्या हवेनं अस्तराला मिळणारा गारवा मेंदूला ‘हवा आली’ असं कळवतो. मेंथॉल हुंगलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते यामुळेच. वाट तसूभरही रुंद झालेली नसते, फक्त गारवा टिपणारी मज्जातंतूंची टोकं चाळवलेली असतात. याचीच उलटी बाजू अशी की आतलं अस्तर बधिर झालेलं असेल किंवा शस्त्रक्रियेत आतले मांसल उंचवटे गरजेपेक्षा जास्त कापले गेले असतील, तर वाट उघडी असूनही माणसाला गुदमरल्यासारखं वाटतं. डॉक्टर दुर्बिणीतून पाहतात, वाट लख्ख मोकळी दिसते आणि तक्रार मनाची ठरते. यंत्राला दिसत नाही म्हणून त्रास नाही, हा निष्कर्ष इथे शास्त्रीयदृष्ट्याच चुकीचा आहे.

बसवलेल्या साहित्याची गोष्ट आणखी वेगळी. सिलिकॉनभोवती शरीर एक आवरण तयार करतं. ते कालांतरानं आकसू शकतं, त्यावर चुना साचू शकतो आणि शेंड्यावर सतत दाब राहिला तर त्वचा पातळ होत जाऊन साहित्य बाहेर येऊ शकतं, तेही कित्येक वर्षांनी. शेंडा लाल, चकचकीत, आतलं पांढरट काही डोकावावं असा पातळ दिसू लागला, किंवा आतून दुर्गंधी स्राव येऊ लागला, तर ते ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं काम नव्हे. त्वचा फाटण्याआधी साहित्य काढलं तर नाक बरंच वाचतं. एकदा फाटली की व्रण आणि खड्डा दोन्ही मागे उरतात. स्वतःच्या बरगडीची कुर्चा त्या मानानं सुरक्षित, पण तीही वाकू शकते आणि काही अंशी विरघळू शकते. शस्त्रक्रिया झालेल्या नाकात वर्षांनी फिलर, म्हणजे आकार भरण्यासाठी टोचायचं जेल, भरून घेण्याची आजची हौस तर सरळ धोक्याची आहे. व्रणामुळे रक्तवाहिन्यांच्या जागा बदललेल्या असतात, त्वचा खाली चिकटलेली असते आणि चुकून वाहिनीत गेलेला थेंब त्वचा मारू शकतो, क्वचित दृष्टीही घेऊ शकतो.

इथवर वाचून प्रत्येक बधिर नाकाचं खापर जुन्या शस्त्रक्रियेवर फोडायचा मोह होईल. तो आवरायला हवा, कारण सर्जनांचा आक्षेप इथे खरा आहे: शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं जाणीव नीट होती आणि मग नव्यानं गेली, तर आधी दुसरी कारणं तपासली पाहिजेत. बधिरपणाचा नकाशा यात फार बोलका असतो. फक्त शेंडा असेल तर नाकाची ती बारीक शाखा. वरचे पुढचे दात आणि त्यामागचा टाळूचा भाग असेल तर पडद्यातून जाणारी चेता, आणि तिला पडद्याच्या कामात धक्का लागू शकतो. पण गाल, नाकपुडीची बाजू आणि वरचा ओठ असे तिन्ही एकत्र बधिर झाले, तर बोट डोळ्याखालच्या चेतेकडे आणि गालाच्या सायनसकडे वळतं. नेहमीच्या नाकाच्या शस्त्रक्रियेनं तसं सहसा होत नाही. तिथे दातांचा संसर्ग, सायनसमधली गाठ किंवा चेहऱ्यावरच्या त्वचेच्या कर्करोगाचं चेतेतून पसरणं नाकारल्याशिवाय पुढे जाऊ नये. महिन्यागणिक वाढत जाणारा एका बाजूचा बधिरपणा असेल, तर ट्रायजेमिनल चेतेचा डाय देऊन केलेला एमआरआय हवा, मेंदूचा साधा स्कॅन पुरत नाही. शेंड्यावर दुखरे फोड आले तर ती नागीण असू शकते. शेंडा आणि डोळा यांना एकाच चेतेच्या शाखा जात असल्यानं त्या दिवशीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. आणि अचानक अर्धा चेहरा बधिर होऊन हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर नाकाचा विचार सोडून थेट आणीबाणीचा विभाग गाठावा.

म्हणजे एकाच तक्रारीमागे निरुपद्रवी व्रणापासून कर्करोगापर्यंत काहीही असू शकतं. मग निवाडा करायचा कशावर? आधीच्या स्थितीशी तुलना करून. आणि नेमकी तीच नोंद नसते. चेहऱ्याचे पाच-सात फोटो असतात, संवेदनेची एक ओळ नसते. शेंडा शस्त्रक्रियेनंतर कधी पूर्ण जागा झालाच नव्हता आणि आता लक्ष गेलं, की जागा झाला होता आणि पुन्हा गेला, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न रुग्णाच्या आठवणीवर टाकावा लागतो. दहा वर्षांपूर्वी आपल्या नाकाचा शेंडा किती जाणवत होता, हे कोण छातीठोकपणे सांगेल?

संशोधनाची अवस्थाही यापेक्षा फार वेगळी नाही. या शस्त्रक्रियेचं यश मोजायला जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या घ्या. ‘आरओई’मध्ये ६ प्रश्न आहेत: नाक आवडतं का, श्वास घेता येतो का, जवळच्यांना आवडतं का वगैरे. ‘नोज’ प्रश्नावलीत ५, चोंदण्याविषयी, श्वासाविषयी आणि झोपेविषयी. ‘श्नॉस’मध्ये १० प्रश्न, काही श्वासाचे, काही रूपाचे. बधिरपणा, कळ, थंडीत ठणकणं याविषयी या एकवीस प्रश्नांत एकही प्रश्न नाही. जे विचारलंच जात नाही ते आकडेवारीत येत नाही, आकडेवारीत नाही म्हणून ते ‘दुर्मिळ’ ठरतं, आणि दुर्मिळ म्हणून विचारायची गरज वाटत नाही. हे चक्र रुग्ण तोडू शकत नाही, ते व्यावसायिक संघटनांनाच तोडावं लागेल. चार प्रश्न वाढवण्याला काही अवाढव्य खर्च येत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो: सौंदर्यशस्त्रक्रियेकडे येणाऱ्यांत स्वतःच्या रूपाविषयी आजारी चिंता असणारे काही जण असतात, त्यांना संवेदनेचे प्रश्न विचारले की नसलेली लक्षणंही सापडतील. रूपाविषयीची विकृत चिंता हा खरा आजार आहे आणि अशा माणसावर चाकू चालवू नये, हेही खरं. पण ती चाळणी शस्त्रक्रियेच्या आधी लावायची असते. पैसे घेताना माणूस सुदृढ मनाचा आणि दहा वर्षांनी तक्रार घेऊन आला की तोच मनोरुग्ण, हा न्याय कुठला? शिवाय टिचकीनं ठरावीक बिंदूतून निघणारी कळ आणि कापसाचा स्पर्श न कळणारा एक सेंटिमीटरचा पट्टा, ही तपासून पाहता येणारी चिन्हं आहेत. चिंता असली तरी ती खोटी ठरत नाहीत.

शस्त्रक्रियेआधी करायची तपासणी पाच मिनिटांची आहे. नाकाचं मूळ, मधला भाग, दोन्ही बाजू, शेंडा, नाकपुड्यांच्या कडा, मधला खांब, वरचा ओठ आणि वरच्या पुढच्या दातांमागचा टाळू एवढ्या जागा. डोळे मिटलेल्या रुग्णाला कापसाच्या टोकाचा स्पर्श, बोथट टोचणी आणि गार चमचा प्रत्येक ठिकाणी कळतो का, दोन्ही बाजूंना सारखा कळतो का, हे आकृतीवर लिहायचं. हेच सहा महिन्यांनी, वर्षानं आणि जमल्यास पाच वर्षांनी. साखरेच्या रुग्णांच्या पायाला लावतात तो १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा जाड तंतू इथे उपयोगाचा नाही. चेहरा त्याहून कितीतरी हलका स्पर्श टिपतो, त्यामुळे बारीक तंतूंचा संच लागतो किंवा मग कापूसच बरा.

दुसरा कागद शस्त्रक्रियेच्या नोंदीचा. छेद बाहेरून की आतून, उंचवटा किती मिलिमीटर काढला, हाडं कुठे तोडली, शेंड्याच्या कुर्चेची किती रुंदी शिल्लक ठेवली, तुकडे कुठून घेतले आणि कुठे बसवले, न विरघळणारे टाके कुठे आहेत, साहित्य असल्यास त्याचं नाव, आकार आणि लॉट क्रमांक. हे सगळं सर्जन त्या दिवशी लिहितोच, फक्त ते रुग्णाकडे जात नाही. मिळतो तो डिस्चार्ज कागद आणि त्यावर शस्त्रक्रियेचं नाव एका ओळीत. युरोपीय संघाच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीनं शरीरात बसवलेल्या बहुतेक साहित्याचं कार्ड रुग्णाला देणं बंधनकारक केलं. ते स्वागतार्हच, पण स्वतःच्या बरगडीचा तुकडा हे ‘उपकरण’ नसल्यानं त्याचं कार्ड निघत नाही, आणि काय कापून टाकलं याचं तर नाहीच नाही. दवाखाने नोंदी ठरावीक वर्षं ठेवतात, डॉक्टर निवृत्त होतात, संगणक बदलतात. आयुष्यभर टिकेल अशी जागा एकच, ती म्हणजे रुग्णाचा स्वतःचा संग्रह.

कोर्टकज्जे वाढतील, ही भीती यामागे असते. अनुभवी सर्जनांना मात्र ठाऊक असतं की लिहिलेली नोंद बहुतेक वेळा सर्जनलाच वाचवते. शेंडा आधीपासूनच बधिर होता किंवा वर्षानंतर पूर्ण जागा होता, हे कागदावर असेल तर वाद तिथेच मिटतो.

आज ज्यांच्याकडे असा कोणताच कागद नाही, त्यांनी आधी स्वतःच्या चेहऱ्याची वरच्यासारखी आकृती करून तारीख टाकावी आणि महिन्यानं पुन्हा करावी. पट्टा वाढतो आहे की तेवढाच आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. औषधांच्या दुकानात मिळणारी, नाकावर लावायची चिकटपट्टी रात्री लावून पाहावी. तिनं आराम पडला तर अडचण बहुधा झडपेची, म्हणजे सांगाड्याची आहे. तपासणीत डॉक्टर आतून बारीक सळईनं झडप किंचित उचलून हेच ताडून पाहतात. कळ एका बिंदूतून येत असेल तर तिथे भूल देणाऱ्या लिग्नोकेनचा अर्धा मिली पुरतो. कळ काही काळ पूर्ण थांबली तर मूळ त्या जागेतच आहे, नाही थांबली तर शोध आणखी मागे न्यावा लागतो. साहित्य आहे की नाही हेच आठवत नसेल तर सीटी स्कॅन किंवा उच्च वारंवारतेची सोनोग्राफी ते दाखवू शकते. बधिर नाकाला वाफ, गरम शेक, बर्फ आणि ऊन यांपासून जपावं, कारण भाजतंय हे कळतच नाही. चष्म्याच्या टेकूखालची कातडी रोज आरशात पाहावी.

उपचारांत फरक करावा लागतो. झडप खचली असेल तर कुर्चेची पट्टी बसवून ती उचलता येते आणि त्याचा चांगला उपयोग होतो. चेतेच्या कळेवर अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन कमी मात्रेत सुरू करतात, बिंदूत स्टेरॉइडसह इंजेक्शन देतात आणि गाठ कापणं सर्वांत शेवटी. निव्वळ बधिरपणावर मात्र आज शस्त्रक्रिया नाही. बी-१२ च्या गोळ्या रक्तात कमतरता असेल तरच कामाच्या. आणि बधिरपणासाठी म्हणून कुणी दुरुस्तीची शस्त्रक्रिया सुचवली तर थेट विचारावं, कुठला तंतू कसा जोडणार? कारण दुरुस्तीतही तीच त्वचा पुन्हा उचलली जाते, व्रणातून वाट काढत, आणि उरलेसुरले तंतू पहिल्या वेळेपेक्षा जास्त धोक्यात येतात.